सासरच्या रुळांवर

त्यानं उजव्या हातातला मोजा दातांनी ओढून काढला आणि तळहात हुंगला. गाडी भरधाव होती. समोरच्या काचेला बाहेरून कुणी चुना मारून गेल्यासारखं धुकं. मागच्या डब्यांमधून माणसं, पोरं, बोचकी, एकमेकांच्या खांद्यांवर पडलेल्या डुलक्या. आणि ह्या सगळ्या लटांबराला ओढणाऱ्या इंजिनाचा ड्रायव्हर स्वतःचा हात हुंगत बसला होता. हाताला पितळेचा वास यायला हवा होता. हद्दीच्या स्टेशनावर इंजिनातली ती पितळी मूठ फिरवली की तिचा गार, आंबूस वास तळव्याला लागतो, तो घरी जाऊन साबण लावेपर्यंत सुटत नाही. बायको दारातच म्हणायची, आलात का परक्याची भांडी घासून! आज तो वास नव्हता. लोकरीचा होता, थोडा कालच्या चहाचा होता. मोजे घालूनच मूठ फिरवली असेल तर वास मोज्याला लागला असेल, म्हणून त्यानं मोजाही हुंगला. मोज्याला जगातल्या सगळ्याच गोष्टींचा वास होता. मूठ फिरवली होती का? प्रश्न इतका साधा होता की त्याला हसू आलं, आणि ते ओठांवर अर्ध्यातच राहिलं, कारण उत्तर आलं नाही.

ह्या मुठीची भानगड कळल्याशिवाय तो हात का हुंगत होता ते कळायचं नाही. रेल्वे कंपन्या दोन. गाडी एकीची, पण वाटेतला भला मोठा तुकडा दुसरीच्या रुळांवरून जातो, कारण मधल्या खोऱ्यात ती दुसरी आधी पोचली आणि पाय पसरून बसली. करार झाला. गाडी तुमची, रूळ आमचे, सिग्नल आमचे, कायदा आमचा. करार कुणा ड्रायव्हरनं वाचला नाही, पण मर्म सगळ्यांनी ओळखलं. आपल्या रुळांना ते माहेर म्हणायला लागले आणि त्यांच्या रुळांना सासर. तिकडची माणसंही काही कमी नव्हती. त्यांनी ह्या ड्रायव्हर लोकांना जावई करून टाकलं. इंजिन सासरी निघालेली मुलगी आणि ते चालवणारा मात्र जावई, हे नातं कुठं जुळतं, असं एका हुशार कारकुनानं विचारलं होतं. त्याची बदली झाली. तर माहेरची रीत अशी की सिग्नल मोकळा असला की केबिनमध्ये घंटी वाजते. टण्ण. पुढचा मोकळा, पुन्हा टण्ण. जन्मभर त्याच्या कानांनी तो टण्ण प्यायला होता. तो थांबला की मान आपोआप वर व्हायची. सासरची रीत बरोबर उलटी. तिथं सगळं ठीक असलं की कुणी काही बोलत नाही. वाट अडलेली असली की ठणाणा सुरू होतो, आणि ऐकलं नाही तर ब्रेक आपोआप लागतात. दोन्ही रीती कळाव्यात म्हणून इंजिनात दोन पेट्या बसवलेल्या, आणि कुठल्या पेटीनं कान उघडायचे ते ती पितळी मूठ ठरवते. मूठ सासरकडे फिरवायची राहिली, तर माहेरची पेटी परकी भाषा ऐकत गप्प बसून राहते. आणि मूठ बरोबर फिरवलेली असली, वाट मोकळी असली, तर सासरची पेटीही गप्पच असते. दोन्ही गप्प सारखेच. एकाचा अर्थ खुशाल जा, दुसऱ्याचा अर्थ गाडी बहिरी आहे. आत्ता केबिन गप्प होती.

उघड्या हवेत ह्याचं कुणाला काही वाटलं नसतं. डोळे आहेत, बाहेर दिवे आहेत, बघायचे. पण आज दिवे इंजिनाच्या नाकाशी येईपर्यंत दिसत नव्हते, आणि नाकाशी आलेला तांबडा दिवा बघून भरलेली गाडी थांबवायची म्हणजे जिन्यावरून घसरल्यावर कठडा शोधण्यातला प्रकार. मूठ बघून यावं म्हटलं तर ती ड्रायव्हरच्या पाठीमागे, यंत्रांच्या बोळकांडीत, एका कुलुपबंद कपाटात. सासरची पेटी नंतर सुचलेली, म्हणून जिथं जागा उरली तिथं ठोकून दिलेली. मूठ कुठल्या बाजूला आहे हे दाखवणारा एक दिवाही होता, तोही त्याच कपाटाच्या आत. कपाटात दिवा लावून दार बंद करणाऱ्या इंजिनियरला शाल-नारळ द्यायला हवा, असं तो नेहमी म्हणे. आज म्हणावंसं वाटलं नाही. पायाखाली पट्टी होती. ती दाबून धरलेली असेतो गाडी चालते, पाय उचलला की थांबते. त्यामुळे उठता येत नव्हतं. थांबावं, तर सासरच्या रुळांवर कारण नसताना थांबणं म्हणजे भरल्या पंगतीत पाटावरून उठून जाणं. मागच्याच महिन्यात साहेबांनी बोलावून सांगितलं होतं, ते लोक निमित्त शोधतायत, तुमच्यामुळे एकदा जरी त्यांची मालगाडी खोळंबली तर तुम्ही ह्या मार्गावर दिसणार नाही. ह्या मार्गावर नाही तर कुठं? यार्डात, रिकामे डबे इकडून तिकडे ढकलत. तिथं गोष्टी कुठून मिळणार?

कारण तो गोष्टी आणत असे. माहेरी आणि सासरी दोन्हीकडे त्याची ओळख थापाड्या अशीच होती, आणि त्याला तिचा अभिमान होता. सासरची मालगाडी इतकी लांब की तिचा गार्ड नोकरीला लागला तेव्हा शेवटच्या डब्यात चढला, आणि चालत चालत इंजिनापाशी पोचला तेव्हा त्याच्या निवृत्तीचा हार घेऊन लोक उभे होते, ही त्याची. सासरच्या एका सिग्नलचा हिरवा दिवा इतका जुना की पिकून पिवळा झाला आणि गाड्या हळू जायला लागल्या, हीसुद्धा त्याचीच. संध्याकाळी घरी आला की जेवताना तो हे बायकोला सांगायचा, आणि ती पाठमोरीच ओटा पुसत म्हणायची, पुरे थापा. तेवढं ऐकलं की त्याला बरं वाटायचं. पुरे थापा हा त्याच्या घरातला टण्ण होता. हे त्याला आज, आत्ता, ह्या धुक्यात कळलं आणि मोजा पुन्हा हातात घालायचं राहून गेलं. पिकलेल्या दिव्याच्या गोष्टीला ती काय म्हणाली होती? काही नाही. हं म्हणाली होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, चला, वय झालं, आता ऐकून घ्यायला लागली. घरात अलीकडे शांतता असते, असं त्यानं स्टाफरूममध्ये मोठ्या ऐटीत सांगितलंही होतं.

"मोकळा," शेजारून मेव्हणा म्हणाला.

मेव्हणा म्हणजे सासरचा वाटाड्या. परकी वाट म्हणून हद्दीच्या स्टेशनावर त्यांचा एक माणूस इंजिनात चढतो आणि दुसऱ्या टोकाला उतरतो. त्यानं दिवे बघून मोठ्यानं सांगायचं, वळणं सांगायची, पण यंत्राला बोट लावायचं नाही. तोंड त्यांचं, हात आमचे, असा करारातला नियम. मेव्हणा देहानं प्रशस्त होता. तो स्टुलावर बसला की स्टूल दिसत नसे, माणूस हवेत बसल्यासारखा वाटे. दोघं बरीच वर्षं एकमेकांना जावई आणि मेव्हणे म्हणत आले होते, आणि खरी नावं विचारायची वेळ केव्हाच टळून गेली होती.

"मेव्हणे," तो म्हणाला, आवाज जमेल तितका सहज ठेवून, "हद्दीला मी मूठ फिरवली ना?"

"म्हणजे काय? सासर म्हणालात की मोठ्यानं."

म्हणालो होतो. ते त्यालाही आठवत होतं. मूठ फिरवताना ड्रायव्हरनं मोठ्यानं 'सासर' म्हणायचं आणि वाटाड्यानंही उलट 'सासर' म्हणायचं, म्हणजे दोघांच्या कानांवरून गोष्ट जाते, चूक राहत नाही, असा रिवाज कुणा शहाण्यानं घालून दिला होता. पहिली काही वर्षं ते तसं म्हणत. मग कधीतरी मेव्हण्यानं 'सासर'ऐवजी "सासूबाई बऱ्या आहेत ना?" असं विचारलं, आणि ह्यानं "हं, तुमचीच आठवण काढतात" म्हटलं, आणि दोघं खूप हसले. तेव्हापासून तेच. पुढे हसणंही गेलं, शब्द राहिले. आज सकाळी हद्दीच्या स्टेशनावर तो बोळकांडीत शिरला होता, कपाट उघडलं होतं, ते खात्रीनं आठवत होतं, कारण कुलपाला धुक्याचा ओलावा होता. मग तो सासर म्हणाला. मागून मेव्हण्यानं सासूबाईंची चौकशी केली. आणि तेवढ्यात सिग्नल पडला, गार्डाची शिट्टी झाली, हा वळला, आणि... आणि तिथं एक भोक होतं. शब्द सगळे जागच्या जागी होते. हात नव्हता. मूठ फिरवल्याची आठवण काढायला जावं तर कालची येत होती, परवाची येत होती, उन्हाळ्यातली येत होती, जेव्हा मूठ तापलेली असायची. आजचीच तेवढी येत नव्हती.

"म्हणालो ते ठीक. फिरवली का?"

"जावई, सकाळी सकाळी काय घेतलंत?"

"माझ्या पायाखाली पट्टी आहे. उठता येत नाही. ही किल्ली घ्या आणि नुसतं बघून या. हात लावू नका, बघा फक्त."

मेव्हण्यानं किल्लीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि त्याचं पोट आधी हसलं, मग तोंड. "पुन्हा घुबड?"

आणि मेव्हण्याचं चुकत नव्हतं. कारण गेल्या हिवाळ्यात ह्यानंच, असाच चेहरा करून, मेव्हणे, कपाटात घुबड शिरलंय, अंडी घातलीत, जरा बघा, असं सांगून त्याला बोळकांडीत पाठवलं होतं. मेव्हणा तिथं अडकला. बोळकांडी यंत्रांच्या मापाची, मेव्हणा स्वतःच्या मापाचा. पुढच्या स्टेशनवर दोन फिटरांनी त्याला ओढून काढला, आणि दोन्ही कंपन्यांच्या स्टाफरूममध्ये हप्ताभर दुसरा विषय नव्हता. घरीही त्यानं ती गोष्ट सांगितली होती, अंडी वाढवून. तेव्हा बायको हसली होती का? हसताना तिनं कपाळाला हात लावला होता, डोकं दुखत असल्यासारखा.

"घुबड नाही," तो म्हणाला. "शपथ."

"कुणाची?"

"बायकोची."

"बघा, बघा! अशी वेळ आलीय की बायकोची शपथ घालून घुबड खपवतायत. अहो, लोक उगीच नाही म्हणत, जावई म्हणजे दहावा ग्रह." मेव्हण्यानं डोळे पुसले. "बाकी चेहरा झकास केलात. मोकळा."

बायकोची शपथ तोंडातून गेली तशी सकाळची खोली समोर उभी राहिली. ह्या धुक्याआधीचं, घरातलं पहिलं धुकं. दिवा लावलेला नव्हता. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, पांघरूण कानापर्यंत. स्वयंपाकघरातला नळ ठिपकत होता. एरवी ह्या वेळी ती उठलेली असायची आणि त्याच्या बुटांबद्दल, विसरलेल्या डब्याबद्दल, न आणलेल्या वायसरबद्दल एकटीच बोलत असायची. तो नाड्या बांधता बांधता ऐकायचा नाही, पण ऐकू यायचं. आज ऐकू आलं नाही. तो दारापाशी थांबला होता. हातमोजे घातलेले होते. तिनंच विणलेले, अंगठा थोडा मोठा झालेले. "बरी आहेस ना?" असं तो म्हणाला. "हं," ती म्हणाली. मग तो तिच्याजवळ गेला. गेला होता का? कपाळाला हात लावला होता का? लावायचं मनात आलं होतं, एवढं नक्की. मनात आलेलं आणि केलेलं ह्यांच्यात काहीतरी फरक असतो, आठवणीत तो कुठं दिसतो? तिथंही तसंच भोक होतं. शब्द जागच्या जागी. बरी आहेस ना. हं. सासूबाई बऱ्या आहेत ना. हं, तुमचीच आठवण काढतात. मधला हात तेवढा कुठंच सापडत नव्हता. त्यानं उघडा तळहात पुन्हा नाकाशी नेला. कपाळाला हात लावला असता तर बामचा वास आला असता. ती अलीकडे बाम लावते. का लावते, हे विचारलं होतं का?

रुळांचा आवाज बदलला, पोकळ झाला. नदीचा पूल आला होता. पुलानंतर पडका मनोरा, आणि मनोऱ्यापुढे तो फाटा, जिथं सासरच्या मालगाड्या खाणीकडून येऊन मुख्य रूळ आडव्या ओलांडतात. घरच्या लेकी त्या. त्यांना आधी वाट. तिथं कधी तांबडा मिळाला तर जावयानं मुकाट्यानं उभं राहायचं. त्यानं वेग थोडा कमी केला. मेव्हण्याच्या लक्षात आलं नाही. केबिन गप्प होती. खुशाल जा, की बहिरी? त्यानं कान देऊन ती शांतता ऐकली, जसं माणूस फळ कानाशी धरून वाजवून बघतो. काही फरक कळेना. घरातली शांतताही अशीच होती, आणि तिथं तर त्यानं तिला सरळ माहेरच्या हिशेबानंही धरलं नव्हतं, सासरच्या हिशेबानं धरलं होतं: कुणी काही बोलत नाही, म्हणजे वाट मोकळी. कुणी सांगितलं होतं त्याला, की ते घर सासर आहे?

"मोकळा," मेव्हणा म्हणाला.

ह्या वेळी तो मेव्हण्याच्या तोंडाकडे बघत होता. मग त्यानं काचेकडे पाहिलं. काचेपलीकडे पांढरं होतं. फक्त पांढरं. गाडी काही अंतर गेली, आणि मग एक खांब धुक्यातून बाहेर आला, त्यावर एक हिरवट ठिपका, आणि तो बाजूनं मागे निघून गेला.

म्हणजे दिवा नंतर आला होता. शब्द आधी.

तो पुढच्या सिग्नलची वाट बघू लागला, सिग्नलकडे नाही, मेव्हण्याकडे बघत. मेव्हणा काचेकडे तोंड करून आरामात बसला होता. पुलाच्या पलीकडचा पडका मनोरा बाजूनं गेला आणि मेव्हण्याचं तोंड आपसूक उघडलं. ह्या मनोऱ्यानंतर एवढ्या अंतरावर सिग्नल, तो ह्या वेळेला रोज मोकळा असतो, म्हणून. "मोक..." एवढं त्याच्या तोंडून निघालं आणि ड्रायव्हरनं पाय उचलला.

गाडीनं आधी श्वास सोडला, मग सगळ्या अंगानं करवादली. डब्यांमागून डबे एकमेकांना ढुशी देत आले. मागे कुठंतरी भांडं पडून घरंगळत गेल्याचा आवाज झाला. मेव्हणा स्टुलावरून पुढे आला आणि दोन्ही पंजे काचेवर टेकून थांबला. गाडी उभी राहिली, तेव्हा इतकं गप्प झालं की धुकं काचेवरून ओघळताना ऐकू यावं.

"काय झालं?" मेव्हणा म्हणाला. "काय झालं हो? काय दिसलं?"

"काही नाही."

"मग थांबलात कशाला?"

"काहीच दिसलं नाही म्हणून."

तो उठला. पट्टीवर दाबून दाबून पायाला मुंग्या आल्या होत्या, बोळकांडीत भिंतीला धरत गेला. मेव्हणा मागून आला, दारात येऊन अडला, तिथूनच मान लांब करून बघू लागला. कपाटाचं कुलूप लावलेलं नव्हतं. ते नुसतं कडीत लटकत होतं. त्यानं दार उघडलं. आतला दिवा लागलेला नव्हता.

मूठ माहेरकडे नव्हती. सासरकडेही नव्हती. दोन्ही खाचांच्या मधे, हवेत बोट दाखवल्यासारखी, सरळ वर उभी होती.

मूठ मधे राहिली तर काय होतं, हे नियमांच्या पुस्तकात कुठंच दिलेलं नाही. पुस्तक लिहिणाऱ्याला वाटलं असणार, माणूस एकतर फिरवेल किंवा विसरेल. अर्धी फिरवून गप्पा मारायला वळेल, असा माणूस त्याच्या डोळ्यांपुढे कधी आला नसावा. तो मुठीकडे बघत राहिला. म्हणजे हात लावला होता. म्हणजे हात होता तिथं. आठवणीतलं भोक भरल्यासारखं झालं, आणि आत आणखी खोल झालं. हद्दीपासून इथवर, पुलावरून, इतक्या माणसांना घेऊन तो कुठल्याच घरचा नसलेल्या गाडीत बसून आला होता, आणि शेजारी बसलेला माणूस धुक्याला मोकळा, मोकळा म्हणत होता.

"घुबड नाही," मेव्हणा दारातून हळूच म्हणाला. हसण्यासारखं होतं, पण दोघांपैकी कुणालाच ते जमलं नाही.

ते परत केबिनमध्ये आले, तर समोरचं धुकं जरा फाटलं होतं आणि त्यातून पुढचा सिग्नल दिसत होता. हिरवा.

"मोकळाच होता," मेव्हणा म्हणाला, पण तक्रारीनं नाही. रुमालानं त्यानं काचेवरचे स्वतःच्या पंजांचे ठसे पुसले, पुसून झाल्यावर पुन्हा पुसले. त्यांच्या डोळ्यांदेखत हिरवा विझला आणि तांबडा लागला. वायरलेस खरखरला. वर बसणारा कंट्रोलर; त्याला दोन्हीकडचे सासरेबुवा म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं.

"जावईबापू, कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग का थांबलात? खाणीची मालगाडी सोडतोय आता आडवी. बसा उभे. कारण सांगा, लिहायचंय."

मेव्हण्यानं खांद्याला हात लावून खूण केली, आणि तोंड कानाशी आणून कुजबुजला, "जनावर आलं म्हणा. रुळावर जनावर आलं. मी हो म्हणतो." मग थोडं थांबून, "गोष्ट तर तुम्हीच माझ्याहून चांगली कराल."

करता आली असती. एरवी जनावर तोंडात यायच्या आत त्याला शिंगं फुटली असती, मालक आला असता, मालकानं इंजिनाकडे चाऱ्याचा दंड मागितला असता. त्यानं ते जनावर शोधायचा प्रयत्न केला. धुक्यातून काही आलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेलं एक पांघरूण तेवढं येत होतं.

"मूठ मधे राहिली होती," तो म्हणाला. "माझ्याकडून. हद्दीपासून. मला आठवेना म्हणून थांबलो."

"ही कुठली नवी थाप?"

"थाप नाही."

"तुमच्या सगळ्या थापांपेक्षा ही वाईट आहे. हिच्यात मजा नाही." मग कागद उलटल्याचा आवाज. "हे लिहू मी? असंच?"

"असंच लिहा."

"पलीकडच्या हद्दीला पोचलात की गाडी दुसऱ्याच्या हवाली करा आणि मला येऊन भेटा. मग परत कधी ह्या बाजूला दिसाल की नाही, ते तुमचे आणि आमचे साहेब ठरवतील. जावई होतात म्हणून इतके दिवस ऐकून घेतलं."

पुढं मालगाडी सुरू झाली. आधी तिचा आवाज आला, मग धुक्यात काळ्या पेट्या, एकामागं एक, कोळशानं शिगोशीग. खरंच लांब होती. त्याला आपल्याच गोष्टीतला गार्ड आठवला, चालत निघालेला, आणि पहिल्यांदा वाटलं की त्या गार्डाची बायको कुठं होती हे आपण कधी सांगितलंच नाही. गाडी उभी होती, पाय मोकळा होता. त्यानं पिशवीतून फोन काढला आणि घरी लावला. वाजत राहिला. मेव्हणा काचेकडे तोंड करून इतका स्तब्ध बसला की तो ऐकतोय हे लपेना.

"हं," ती म्हणाली.

"मी बोलतोय."

"कळलं. गाडीवरून?"

"उभी आहे गाडी. अगं, एक विचारायचंय. सकाळी मी तुझ्या कपाळाला हात लावला होता का?"

तिकडे नळ ठिपकत होता. तो त्यानं ऐकला. ठिपका, मग पुष्कळ वेळ काही नाही, मग ठिपका.

"आणलात की," ती म्हणाली. "कपाळापाशी आणलात हात. मोजा होता. मग घड्याळ बघितलंत."

"मग?"

"मग काय? बरी आहेस ना म्हणालात. मी हं म्हटलं."

"ताप आहे?"

"आहे. दुपारी उतरतो, पुन्हा येतो."

"कधीपासून?"

"तो तुमचा दिवा पिकला ना, त्याच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगत होतात. मधे कुठं बोलायचं?"

मालगाडीच्या पेट्या जात होत्या, जातच होत्या. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, आणि तोंडात जे जे आलं ते आधी शंभरदा वापरलेलं होतं. "शेजारच्या वहिनींना हाक मार," तो शेवटी म्हणाला. "त्यांना सांग कपाळाला हात लावून बघायला. नुसतं विचारू नका म्हणावं, हात लावा. आणि डॉक्टरांकडे घेऊन जा म्हणावं, आत्ता. मी येतोच आहे. मला बहुतेक ह्या मार्गावरून काढतायत."

"ही पण थापच ना?"

"नाही गं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. ही गप्प कुठल्या घरची, हे त्याला ओळखता येईना, आणि आता त्यानं ओळखल्यासारखं केलंही नाही.

"बघू," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मालगाडीचा शेवटचा डबा गेला, त्यावरचा तांबडा दिवा धुक्यात विरघळला. पुढचा सिग्नल थोड्या वेळानं पुन्हा हिरवा झाला, विरळ धुक्यातून दिसला. तो उठून बोळकांडीत गेला. दुसराही मोजा काढून त्यानं खिशात घातला. मूठ इतकी गार होती की चटका बसल्यासारखं झालं. त्यानं ती फिरवली, शेवटपर्यंत, खाचेत बसेतो, आणि बसल्यावरही थोडी दाबली. कपाटातला दिवा लागला.

"सासर," तो मोठ्यानं म्हणाला.

दारातून मेव्हण्याचं तोंड उघडलेलं त्याला दिसलं. ते तसंच काही वेळ राहिलं, रोजचे शब्द त्यात आलेले, गिळले जाताना दिसले. "सासर," मेव्हणा म्हणाला. आवाज घोगरा निघाला. इतक्या वर्षांनी काढलेला.

गाडी हलली. केबिन पुन्हा गप्प झाली, मघासारखीच. कानाला काही फरक नव्हता. हाताला पितळेचा वास येत होता. तो घेऊन आज बायकोच्या दारात उभं राहायचं होतं, आणि तिनं काय म्हणावं अशी आपली इच्छा आहे, हेही त्याला ठाऊक होतं. ती म्हणेल की नाही, हे मात्र नव्हतं. हिरवा खांब बाजूनं मागे गेला. पुढं धुकं पुन्हा मिटलं. वळण आलं, वळणावरची दरड काळीशी सरकली, आणि त्यानंतर रोज ज्या जागी मेव्हणा मोकळा म्हणतो ती जागा आली.

मेव्हणा काही बोलला नाही. स्टुलावरून उठून तो काचेला नाक लावून उभा होता, श्वासानं काच धुरकट होत होती, बाहीनं पुसत होता.

"मेव्हणे?" पट्टीवर पाय ठेवून, वेग उतरवत त्यानं विचारलं. "काय आहे?"

"थांबा हो," मेव्हणा म्हणाला. "दिसू द्या."